न काढलेला एक्स-रे

तिरोड्यात मी सत्तावीस वर्षं दात काढले, दात बसवले, दातांत मसाला भरला. गेल्या पावसाळ्यानंतर दवाखाना बंद केला. हे कळल्यावर या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पेशंटांच्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हसायला हवं असतं."

गमती आहेत. नागझिऱ्याचा एक गाइड होता. त्याचा पुढचा दात पडला आणि 'शेकरू' म्हटलं की तोंडातून शीळ वाजायला लागली. जिप्सीतले पर्यटक शेकरू बघायचं सोडून त्याच्याकडे बघत. मी त्याला नवा दात बसवून दिला. महिन्याभरानं तो परत आला आणि तक्रार करू लागला की आता कोणी हसत नाही, काही उपाय आहे का. दुसरा एक जण खर्रा खाणारा. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटतात, त्याला खर्रा म्हणतात. तो खाऊन खाऊन गालाची कातडी आतून ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. याचं दोन बोटांएवढंच उघडत होतं. तो मला म्हणाला, "साहेब, जास्त नाइ पायजे. खर्रा आत जाइन एवढं उघडून द्या." मी हसलो होतो. दोन वर्षांनी त्याचा अर्धा जबडा काढावा लागला.

असं बरंच लिहिता येईल. पण लिहायला बसलो की एकाच पेशंटची आठवण येते, आणि तिच्याबद्दल मी आजवर कुठेच बोललेलो नाही. ते लिहितो. प्रमिला आणि तिची सासू सागराबाई, दोघींना विचारून लिहितो आहे.

प्रमिला बोदलकशाच्या तळ्याजवळच्या एका गावातली सून. घरी धानाची शेती, नवरा तेजराम, दोन लेकरं. ती स्वतः मशीनवर ब्लाउज शिवायची. लग्नानंतर दोनेक वर्षांत खालची डावी दाढ दुखते म्हणून ती माझ्याकडे आली. मी दाढेची नस काढली, आत मसाला भरला आणि वर धातूची कॅप बसवली. काम चांगलं झालं होतं. कॅप इतकी नेमकी बसली की मीच दोनदा आरशात बघितली.

त्यानंतर ती सात-आठ वर्षं दिसली नाही. दुसऱ्या बाळंतपणात तिचा बीपी वाढला होता, तो पुढे कोणी मोजलाच नाही. पायांवर सूज येऊ लागली, ओकाऱ्या होऊ लागल्या, आणि गोंदियात तपासलं तेव्हा दोन्ही किडन्या संपत आल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. सकाळच्या गाडीनं सासू-सून गोंदियाला जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. तेजरामला साखरेचा आजार, त्याची किडनी चालत नव्हती. प्रमिलाची आई हयात नव्हती आणि वडील थकलेले. मग सागराबाई म्हणाली, माझी तपासा. ती जुळली.

किडनी देण्याच्या कायद्यात सासूला जवळच्या नात्यात धरत नाहीत. त्यामुळे नागपुरात एका समितीसमोर उभं राहावं लागतं. किडनी कोणाच्या दबावाखाली तर दिली जात नाही ना, हे ती समिती विचारते. तिथं काय झालं, ते सागराबाईनं मला माझ्याच दवाखान्यातल्या बाकावर बसून सांगितलं होतं.

"त्याइनं इचारलं, बाई, सुनेले काऊन देता? मी म्हनलं, दोन असून एकीनं भागत असन तं दुसरी कायले ठेवाची?"

ती हे सांगत होती, कारण त्या दिवशी दोघी माझ्याकडे दातांचा कागद घ्यायला आल्या होत्या. हा कागद काय असतो, ते सांगायला हवं.

दुसऱ्याची किडनी बसवली की शरीर तिला परकी समजतं आणि तिच्यावर तुटून पडतं. तसं होऊ नये म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी करतात, आणि ती औषधं जन्मभर घ्यावी लागतात. अशा माणसाच्या तोंडात एखादा सडका दात राहिला तर आपल्याला जो नुसता ठणकतो, तो त्याच्या जिवावर बेतू शकतो. तिथले जंतू रक्तात उतरतात. सूज फार येत नाही, पूही दिसत नाही, कारण सूज आणणारी ताकदच औषधांनी दाबलेली असते. म्हणून ऑपरेशनच्या आधी दाताच्या डॉक्टरनं प्रत्येक दात तपासायचा, दातांच्या मुळांचे एक्स-रे काढायचे, खराब असेल ते काढून टाकायचं, आणि मग लिहून द्यायचं की तोंडात संसर्ग नाही. नागपूरचे डॉक्टर त्या कागदावर विसंबतात.

तो बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी गावोगावचे लोक भाजी घ्यायला येतात आणि त्याच फेरीत दात दाखवून जातात. बाहेर वीस-बावीस माणसं बसली होती. माझं एक्स-रेचं मशीन चार दिवसांपासून बिघडलेलं, नागपूरहून दुरुस्तीचा माणूस यायचा होता. प्रमिलाला खुर्चीवर बसवून मी आरसा फिरवला. वरची एक दाढ किडली होती, ती भरली. हिरड्या साफ केल्या. खालच्या डाव्या दाढेवर माझीच कॅप चमकत होती. तिच्यावर आरशाच्या दांडीनं ठोकून बघितलं.

"दुखते का?"

"नाइ जी."

माझ्याकडे मंदाताई कामाला होत्या. अवजारं उकळणं, नंबर लावणं, कागद सांभाळणं हे सगळं त्या वीस वर्षं करत आल्या होत्या. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "साहेब, फोटोसाठी गोंदियाले पाठवू का इले?" आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात.

मी म्हटलं, "कायले? परवा यांना नागपूरला जायचं आहे. माझंच काम आहे ते, पक्कं आहे."

आणि लेटरहेडवर लिहिलं, की दात व हिरड्या तपासल्या, संसर्ग आढळला नाही. सही केली, शिक्का मारला. सागराबाईनं तो कागद घडी घालून पदराच्या गाठीत बांधला आणि मला नमस्कार केला. पुढचा पेशंट आत आला.

ऑपरेशन चांगलं झालं. सागराबाई पंधरवड्यात घरी आली. प्रमिलाला दोन महिने नागपुरात खोली घेऊन राहावं लागलं. परत आली तेव्हा तोंड गोल झालं होतं, गालांवर लव आली होती, हे त्या गोळ्यांमुळे होतं. पण डायलिसिस सुटलं होतं. शिवणाचं मशीन पुन्हा सुरू झालं होतं.

पाचव्या महिन्यात ती माझ्याकडे आली. हिरड्या सुजून दातांवर चढल्या होत्या. पुढचे दात अर्धे झाकले होते, ब्रश लावला की रक्त यायचं. डावीकडे खाली जड जड वाटतं, असंही म्हणाली. मी हिरड्या बघितल्या आणि भडकलो.

"काय वो बाई, सासूनं स्वतःची किडनी दिली आणि तुला ब्रश फिरवायचा कंटाळा येतो?"

दवाखान्यात तेव्हाही माणसं होती. पडद्याआडून सगळ्यांना ऐकू गेलं. प्रमिलाचे डोळे भरून आले.

"दोनदा करून राहिली जी," ती हळूच म्हणाली. "नरम ब्रशनं. नागपूरवाल्याइनं सांगतलं तसाच."

मी विश्वास ठेवला नाही. हिरड्या साफ केल्या, गुळण्यांचं औषध दिलं आणि पाठवलं. शरीराला नवी किडनी स्वीकारायला लावणारी काही औषधं आणि बीपीच्या काही गोळ्या हिरड्या अशा वाढवतात, हे मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं. पण तिच्या गोळ्यांची चिठ्ठी मी मागितलीच नाही. डावीकडचं जडपण हिरड्यांचंच असणार, असं समजलो. मशीन तेव्हा दुरुस्त झालेलं होतं. खुर्चीपासून चार पावलांवर होतं.

पंधरा दिवसांनी तिला थंडी वाजून ताप भरला. स्थानिक डॉक्टरनं दोन दिवस बघितलं, मग नागपूरला नेलं. जंतू रक्तात पसरले होते. अशा वेळी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करावी लागतात, नाहीतर माणूस वाचत नाही. ती कमी केली की शरीर किडनीवर उलटतं. तसंच झालं. ती तीन आठवडे तिथं होती. त्यातले काही दिवस सागराबाईची किडनी राहते की जाते, हे कोणी सांगू शकत नव्हतं.

तिथल्या डॉक्टरांचा मला फोन आला. आवाज शांत होता, दमलेला.

"सर, रक्तात जो जंतू सापडला आहे, तो तोंडातलाही असू शकतो. तुम्ही ऑपरेशनआधी सगळ्या दातांचे एक्स-रे काढले होते ना?"

मी म्हटलं, "हो. काढले होते. सगळं साफ होतं."

हे उत्तर द्यायला मला एक क्षणही लागला नाही. आजही त्याचंच नवल वाटतं. मला शोधावं लागलं नाही, अडखळावं लागलं नाही. ते म्हणाले, जमलं तर पाठवा. मी म्हटलं, शोधतो. नंतर त्यांनी विचारलं नाही आणि मी विषय काढला नाही. मंदाताई समोर कापूस गुंडाळत उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कापूस गुंडाळू लागल्या.

दातांकडून काही नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी सुरू केली. अशा पेशंटला कच्चं, न शिजवलेलं देत नाहीत. सागराबाईनं खरं ते सांगितलं. गोळ्यांनी प्रमिलाच्या तोंडाची चव गेली होती, जेवण उतरत नव्हतं. एक दिवस ती म्हणाली, काही चटपटीत द्या. सासूनं वाडीतला सांबार, म्हणजे कोथिंबीर, खुडून हिरव्या मिरचीची चटणी वाटून दिली. एकदाच. फाइलवर लिहिलं गेलं: घरी पथ्य पाळलं नाही, कच्चा आहार.

किडनी वाचली, पण पूर्वीची राहिली नाही. तपासण्यांचे आकडे जितके खाली यायला हवे होते, तितके पुन्हा कधी आले नाहीत. पुढच्या सात-आठ महिन्यांत तिला आणखी दोनदा ताप आला. दोन्ही वेळा नागपूर. गावातल्या बाया विहिरीवर म्हणायच्या, सासूनं किडनी देली अन् चटनीनं वापस घेतली. हे मला एका पेशंटनंच सांगितलं, तोंडात माझा आरसा असताना. मी आरसा काढून घेतला आणि थुंकायला सांगितलं.

नंतर एकदा पोळी चावताना प्रमिलाची कॅप सुटली. ती हातात घेऊन आली. मी एक्स-रे काढला. डाव्या दाढेच्या मुळाशी हाडात बोरीच्या बीएवढा काळा डाग होता. असा डाग वर्ष-सव्वा वर्षात तयार होत नाही, जुना असतो. मी भरलेला मसाला एका मुळात टोकापर्यंत गेलाच नव्हता. वर चकचकीत कॅप आणि खाली इतकी वर्षं जंतूंचं घर.

नागपूरला फोन करून, आधी कोणतं औषध द्यायचं ते विचारून, मी दाढ काढली. प्रमिलानं विचारलं, "खराब होती का जी?"

"जुनी झाली होती," मी म्हटलं.

त्यानंतर तिला एकदाही ताप आला नाही. पहिला ताप याच दाढेमुळे होता, असं छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. पण मला शंका नाही, तेव्हाही नव्हती. दाढ टेबलावरच्या ट्रेमध्ये पडली होती, मंदाताई ती उचलून धूत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

पुढची दोन वर्षं मी नियमितपणे प्रमिलाची विचारपूस केली. कुठली औषधं हिरड्या वाढवतात, कुठली वेदनाशामक गोळी किडनीला मारक आहे, कुठलं अँटिबायोटिक तिच्या गोळ्यांशी भांडतं, हे सगळं वाचून काढलं. किडनीचा कोणताही पेशंट आला की एक्स-रेशिवाय खुर्चीवरून उठू देत नव्हतो. तालुक्यातले दोन डॉक्टर मला फोन करून विचारायचे. एका सभेत मी या विषयावर बोललोसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या भाषणात प्रमिला नव्हती.

दवाखाना बंद केला त्या दिवशी मंदाताईंना साडी दिली. त्या शटरच्या आत उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, प्रमिलाच्या सासूले सांगाचं राहिलं."

एवढंच. गेल्या तीन वर्षांत त्या याबद्दल पहिल्यांदा बोलत होत्या.

चार दिवसांनी मी गेलो. धान कापणीला आलं होतं, तेजराम शेतावर होता. सागराबाई ओसरीत लाखोळीची डाळ निवडत होती. प्रमिला मशीनवर बसली होती, मला बघून उठली, खुर्ची दिली, चहा ठेवायला आत गेली. घरात दोन ठिकाणी गॅस दिसला. एक आत, एक ओसरीच्या कोपऱ्यात. बोलायला काही सुचेना म्हणून मी विचारलं, "दोन चुली कशाला?"

"तिचं तेच रांधते," सागराबाई सुपातून नजर न काढता म्हणाली. "तापाच्या टायमापासून मी तिच्या खान्याले हात नाइ लावला. पोराइचं करून देतो, तिचं नाइ. माहा हात चांगला नाइ."

मी सांगायला काय काय ठरवून गेलो होतो. वैद्यकशास्त्र, शक्यता, मशीनचा बिघाड. त्यातलं काहीच बोलता आलं नाही. मी म्हटलं, "सागराबाई, चटणीनं काही झालं नव्हतं. दाढ सडली होती. मी फोटो न काढताच कागद लिहून दिला. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं सांगितलं."

तिचा हात सुपात थांबला. प्रमिला दारात कप घेऊन उभी होती, तिनंही ऐकलं होतं. सागराबाई माझ्याकडे वळलीच नाही. ती सुनेकडे बघत म्हणाली, "आयकलं का वो? चटनीनं नोतं."

"आयकलं, मामीजी," सून म्हणाली.

"चटनीनं नोतं म्हनते."

आणि ती रडू लागली. आवाज नव्हता, नुसतं पाणी. प्रमिलानं कप खाली ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन बसली. मी खुर्चीवर होतो. त्या दोघींना माझं काही काम नव्हतं.

थोड्या वेळानं प्रमिला म्हणाली, "नागपूरच्या डाक्टराले हे सांगान का? फाइलवर लिवलं हाय, आमी पथ्य पाळत नाइ. उद्या अजून किडनीचं काम पडलं तं तेच पायतीन."

मी तिथूनच फोन लावला. तिनं सांगितलं, आवाज मोठा करा. मी स्पीकर लावला आणि सगळं पुन्हा सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, "हे मला लेखी द्या. फाइलला लावतो." आणि पुढे, "तेव्हा कळलं असतं तर पुढचे दोन ताप टळले असते, सर."

मी हो म्हटलं. फोन ठेवला. तिथंच वहीच्या कागदावर लिहून, सही करून, त्याचा मोबाइलवर फोटो पाठवला. मूळ कागद प्रमिलाला दिला. तिनं तो वाचला, दोन जागी बोट ठेवून हे शब्द काय आहेत ते विचारलं, आणि मशीनच्या खणात ठेवला.

निघताना ती फाटकापर्यंत आली. तिचे दात मी सवयीनं बघितले. हिरड्या बऱ्या होत्या, गोळी बदलली होती. दातांसाठी ती आता गोंदियाच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, असं तिनंच सांगितलं. मी म्हटलं, चांगलं केलं.

"एक इचारू का जी?" ती म्हणाली. "दवाखाना चालू होता तवा काऊन नाइ सांगतलं?"

"भीती वाटत होती."

"कोनाची? आमची?"

मी फाटकाची कडी काढली.

"आमी तुमचं काय केलं असतं जी?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

त्यांनी काहीच केलं नसतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.